वाढवलेला पट्टा

राग माझ्या नाकावर असतो, हे आधीच सांगून टाकते. माझा नवरा राम म्हणतो, तुझ्याशी बोलायच्या आधी आभाळ बघावं लागतं. (व्हय, नवऱ्याचं नाव घेते मी, त्यानं काय होत नाय.) बघत जा म्हणलं. पण ही गोष्ट माझी नाय, माझ्या सासऱ्याची हाय. त्या माणसाला राग येतच नाय, म्हणून त्यांच्या वाटणीचाबी मलाच करावा लागतो.

सासऱ्यांचं नाव बिरू. मी त्यांना मामा म्हणते. पडेगावात दौलताबादच्या रस्त्यापासून आत वळलं की आमचं घर, घरामागं पत्र्याची शेड, आणि शेडमधे मामांचा कारखाना. कारखाना म्हणजे काय, तर एक ऐरण, हातोडे, कानशी, धार लावायचं एक जुनं मशीन आणि गॅसची नळी. लाकडाच्या वखारीत आरा मशीन असतं ना, वर एक मोठं चाक, खाली एक मोठं चाक आणि दोन्हींवर ताणून चढवलेला पोलादी पट्टा, त्या पट्ट्यांचं काम मामा करतात. पट्ट्याच्या एका कडेला दात असतात. चाकं फिरली की पट्टा पळतो, ओंडका पुढं ढकलला की फळी निघते. दात बोथट झाले, वाकले, तुटले, पट्ट्याला चीर गेली, की वखारवाले तो गुंडाळून आमच्या दारात आणून टाकतात.

आता पट्टे खराब का होतात, तर माणसांमुळं. रस्त्याकडंच्या झाडाला कुणी क्लासची पाटी ठोकतं, कुणी खोली भाड्यानं द्यायची, कुणी मूळव्याधीच्या औषधाची. पाटी गळून पडती, खिळा आत राहतो, झाड त्याच्यावर साल चढवतं. मग कधीतरी ते झाड वखारीत येतं आणि पळत्या पट्ट्याचे दात त्या खिळ्यावर जाऊन आपटतात. मामा तसला तुटका दात बोटात धरून बघत बसतात आणि म्हणतात, झाडाला तरी काय माहीत बिचाऱ्याला. झाडाला नाय माहीत, मान्य. पण पाटी ठोकणाऱ्याला डोकं दिलेलं असतं की देवानं. त्याला एकदा शेडमधे आणून दिवसभर कानस घासायला लावली पाहिजे.

मामा जन्मानं मेंढरंवाले. त्यांचं घराणं पिशोरकडचं, मेंढरं घेऊन रानोमाळ फिरणारं. लोकर कातरायची कातर असती, तिला धार लावायचं काम तरुणपणी मामांकडं होतं. मेंढरांचा वाडा शहराकडं मुक्कामाला आला की मामा एका वखारीमागं दगडावर कातर घासत बसायचे. तिथं मैनोद्दीन उस्ताद पट्ट्यांचं काम करायचे. त्यांनी ती कातर हातात घेतली, आपल्या दाढीचे केस तिच्यानं कापून बघितले आणि म्हणले, "मेंढरां बहुत चराया रे, अब लोहा चरा." मामा ते आजबी हसून सांगतात. मेंढरं भावांनी ठेवली, मामा लोहा चारायला राहिले.

दुसरे धारवाले पट्टा झिजला की भंगारात घालतात. मामा घालत नाय. घासून घासून अरुंद झालेला पट्टा घ्यायचा, त्याचा चांगला भाग निवडायचा, तसाच दुसऱ्याचा चांगला भाग निवडायचा, दोघांची टोकं तासून एकमेकांवर बसवायची, मधे डाग धरायला टाकणखार आणि चांदीची पट्टी घालून गॅसनं लाल करायचं आणि दाबून धरायचं. जोड गार झाला की हातोड्यानं ठोकून पट्टा सरळ करायचा. त्याच्यावर बोट फिरवलं तर जोड कुठं ते माझ्यासारखीला कळत नाय. हा पट्टा मग सुताराच्या छोट्या मशीनवर परत पोट भरतो. त्यातून उरलेल्या तुकड्यांची खुरपी होतात, विळ्या होतात. गल्लीतल्या सगळ्या बायका आमच्या पट्ट्यांच्या विळीवर भाजी चिरतात आणि बोट कापलं की मला नावं ठेवतात.

पण काही पट्टे कशालाच कामाचे राहत नाय. दातांच्या मुळाशी केसासारख्या चिरा पडलेल्या असतात. एक-दोन असतील तर मामा चिरेच्या टोकाला बारीक भोक पाडून तिला थांबवतात. पण एकामागं एक निघायला लागल्या की तो पट्टा चाकावर चढवणं म्हणजे घरात नाग सोडणं. असला पट्टा मामा कापून टाकतात, म्हणजे कुणी चुकूनसुद्धा चढवू नये. आणि त्याला ते मेला म्हणत नाय, तुटला म्हणत नाय, भंगार म्हणत नाय. ते म्हणतात, पट्टा वाढवला.

आपल्यात नाय का, बांगडी फुटली असं बाई म्हणत नाय, वाढवली म्हणती. दिवा विझवला म्हणत नाय, वाढवला म्हणतो. तसंच हे. मी लग्न होऊन आले तेव्हा मला वाटलं, वाढवला म्हणजे तुकडा जोडून लांब केला. शेडमधे बघते तर त्याचे तुकडे केलेले. मी म्हणलं, "मामा, सरळ मेला म्हणा की. लोकांना कळाय नको?" तर म्हणले, "पोरी, जो पोटाला घालतो त्याला मेला कसं म्हणायचं? आणि वखारीतल्या माणसाला कळतंय बरोबर." माझ्या मनात आलं होतं की एक दिवस हा गोडवा अंगाशी येणार. पण सुनेचं कोण ऐकतंय.

आमच्याच रस्त्याला पुढं साहेबरावांची वखार हाय. माणूस कसा, तर पांढरे कपडे, कपाळाला गंध, आणि बोलणं साखरेत घोळलेलं. दारात आला की माझ्या पोरांच्या हातात चॉकलेट, आणि मामांनी केलेल्या कामाला नेहमी "बघू, बघू". त्यांच्या वखारीत आरा चालवायला धोंडिबाकाका. धोंडिबाकाका म्हणजे मामांचा जुना जोडीदार, त्यांच्याच जातीचा, मेंढरांमागं दोघं एकत्र हिंडलेले, उस्तादाच्या हाताखालीबी एकत्र बसलेले. मामांना बिरूदा म्हणणारं माणूस ह्या शहरात तेवढं एकच. मामा पट्टा करायचे, धोंडिबाकाका चालवायचे, आणि संध्याकाळी दोघं आमच्या ओट्यावर तंबाखू मळत बसायचे. काय बोलायचे नाय जास्त. बोलायचं तर पट्ट्याचंच.

ह्या उन्हाळ्यात साहेबरावांचा मोठा पट्टा आला. मामांनी तो उन्हात धरला, बोटानं टिचक्या मारत सगळा तपासला आणि हळूच ऐरणीवर ठेवला. चिराच चिरा. कापायच्या आधी मालकाला विचारावं म्हणून थांबले, कारण पट्टा शेवटी मालकाचा. तेवढ्यात साहेबरावांचाच फोन आला. मशीनच्या आवाजानं मामांचे कान गेलेले हायत, म्हणून फोन कायम स्पीकरवर. अख्ख्या गल्लीला ऐकू जातं. मी अंगणात धुणं वाळत घालत होते.

"बिरू, पट्ट्याचं काय झालं? सागाचे ओंडके येऊन पडलेत माझ्याकडं."

"मालक, त्यो वाढवला."

"वाढवला?"

"व्हय. वाढवला."

"बरं. गाडी पाठवतो न्यायला."

"न्या की. तुमचाच हाय."

मामांना वाटलं, मालक भंगारात घालायला नेत असतील. लोखंडाला भाव हाय, नेतातच लोक. मामा पिशवी घेऊन सिल्लोडला मुक्कामाला गेले, तिथल्या एका वखारीत जागेवर जाऊन धार लावायची होती. दुपारी साहेबरावांची गाडी आली. राम घरी होता, त्यानं पट्टा गाडीत चढवून दिला. झालं एवढंच. ह्याच्यात कुणाला काय कळायचं राहिलं होतं, तुम्हीच सांगा.

दुसऱ्या दिवशी साहेबरावांनी तो पट्टा चाकावर चढवायला लावला. अर्धा ओंडका कापला आणि पट्टा तुटला. पळता पट्टा तुटला की तो खाली पडत नाय, उडतो. धोंडिबाकाकांच्या उजव्या हाताची बोटं गेली. अंगठा तेवढा राहिला. लोकांनी फडक्यात हात गुंडाळून त्यांना घाटी दवाखान्यात नेलं.

मामांना सिल्लोडहून परत येताना रस्त्यात फोनवर कळलं. ते तसेच घाटीत गेले. वॉर्डच्या दारात साहेबरावांचा माणूस उभा होता. म्हणला, "बिरूभाऊ, आत जाऊ नका. तुमचं नाव काढलं की पेशंटला त्रास होतोय." माझ्या सासऱ्याच्या जागी मी असते तर त्या माणसाला बाजूला सारून आत गेले असते. मामा पायऱ्यांवर बसून राहिले आणि मग घरी आले.

तोवर गावात बातमी पसरली होती, आणि बातमी काय, तर बिरूनं केलेला जोड सुटला. साहेबराव भेटंल त्याला सांगत होते, "मी स्वतः विचारलं त्याला फोनवर. म्हणला, वाढवला. आता पट्टा तोकडा पडला असंल, तुकडा जोडून वाढवला असंल, असंच कुणीबी समजंल ना? आपण अडाणी माणसं, आपल्याला काय माहीत ह्या धारवाल्यांची भाषा." मग मी म्हणलं, तुटलेला पट्टा तरी दाखवा, जोड कुठं हाय त्याच्यावर ते बघू. तर पट्टा दुसऱ्याच दिवशी भंगारात घालून मोकळे. एवढी घाई तर लोक रद्दीची करत नाय. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

आणि मामा? मामा म्हणले, "माझाच शब्द चुकला पोरी. तू सांगत होतीस तेव्हाच ऐकाय पाहिजे होतं."

मला त्या क्षणी माझाच राग आला, की कधीकाळी मी तसं बोलले होते. आता त्याच बोलण्याचा दोर करून हा माणूस गळ्यात घालून बसला. सिल्लोडच्या वखारीनं धार लावायचे राहिलेले पट्टे देणं बंद केलं. इकडच्या वखारींतून पोरं येऊन आपापले पट्टे उचलून घेऊन गेली, केलेले न केलेले सगळे, मान खाली घालून. एकानंसुद्धा विचारलं नाय की बिरूमामा, खरं काय झालं. इतकी वर्षं ह्या माणसाच्या हातच्या पट्ट्यापुढं उभं राहिलात, तेव्हा काय हात गेले नाय तुमचे. पण तोंडात मूग. मामा शेडमधे जायचे, हातोडा उचलायचे आणि परत ठेवायचे. जेवायला बसले की ताटाकडं बघत बसायचे. मला रडणारी माणसं परवडतात, असली बसून राहणारी नाय परवडत.

त्यात पोलिसांचं निघालं. धोंडिबाकाका घरी आले की हवालदार येऊन त्यांचा जबाब घेणार होता. जोड सुटला असं धोंडिबाकाका बोलले की केस मामांवर, मग शेडला कुलूप आणि ह्या वयात कोर्टाच्या चकरा. आणि साहेबराव धोंडिबाकाकांच्या उशाशीच बसून होते. औषधं त्यांची, फळं त्यांची, रिक्षासुद्धा त्यांचीच. कशासाठी, ते शेंबड्या पोराला कळंल.

राम म्हणला, "जाऊ दे, मोठी माणसं हायत. मिटंल प्रकरण."

मी म्हणलं, "मिटंल म्हणजे? तुझा बाप मिटंल."

तो गप्प बसला. नेहमी बसतो. बापावर गेलाय.

धोंडिबाकाका घरी आल्याचं कळलं त्या संध्याकाळी मी स्कूटी काढली आणि मामांपुढं उभी केली. म्हणलं, "बसा." ते म्हणले, "कुठल्या तोंडानं जाऊ? त्याच्या हातावर माझा शब्द पडलाय." मी म्हणलं, "हेच तोंड घेऊन चला, दुसरं कुठं हाय आपल्याकडं. त्यांनी तुम्हाला शिव्या दिल्या तर घ्या. पण एकदा त्यांच्या तोंडून ऐका." बसले कसेबसे. रस्त्यानं मला साहेबरावांचा इतका राग येत होता की मी एका रिक्षावाल्यालासुद्धा उगाच झापलं.

धोंडिबाकाकांचं घर दोन खोल्यांचं. बाहेरच्या खोलीत खाटेवर ते भिंतीला टेकून बसले होते, उजवा हात पांढऱ्या पट्टीत, मांडीवर उशी आणि उशीवर तो हात. पुढ्यात ताट, ताटात ज्वारीची भाकरी आणि डाळ, हात न लावलेली. त्यांची बायको भागूकाकू दाराच्या चौकटीला धरून उभी. आणि खोलीतल्या एकुलत्या एक खुर्चीवर साहेबराव.

मामांना बघून धोंडिबाकाकांनी मान भिंतीकडं फिरवली. मामा दाराजवळ खालीच बसले.

"ये बिरू," साहेबराव म्हणले, घर आपलंच असल्यासारखं. "बरं झालं आलास. अरे, तुझ्यावर राग नाय कुणाचा. माणूस हाय, चुकतो. तू हवालदाराला एवढंच म्हण की जोड कच्चा राहिला. पुढचं मी सांभाळतो. तुझ्या केसालासुद्धा धक्का लागू देत नाय."

मामा खालीच बघत होते. ते व्हय म्हणणार होते. मी त्यांना ओळखते, त्यांची मान हलायला लागली होती.

"जोड केलाच नाय तर कच्चा कुठून राहील?" मी म्हणलं. "मामांनी सांगितलं होतं वाढवला. मी तिथंच होते, कानांनी ऐकलं."

"मीबी तेच ऐकलं बाई," साहेबराव म्हणले. "वाढवला. म्हणजे लांब केला. शाळेत एवढंच शिकवलं आपल्याला. मी व्यापारी माणूस, मला सरळ मराठी कळती. तुमच्या रानातल्या भाषेचं खापर माझ्या डोक्यावर कशाला?"

माझ्या तोंडाशी काय काय आलं. रानातली भाषा म्हणे. मी बोलणार तेवढ्यात साहेबरावांचा फोन वाजला. त्यांनी खिशातून काढला, कानाला लावला. पलीकडं वखारीतला माणूस असावा.

"हां," साहेबराव म्हणले. "नाय, मी नाय येत आता. तू वाढव वखार. हां, वाढव, आणि किल्ली घरी दे."

त्यांनी फोन खिशात ठेवला आणि वर बघितलं. माझंच तोंड उघडं राहिलं.

बोलली ती भागूकाकू. ती कधी मालकापुढं डोक्यावरचा पदर सोडून उभी राहिली नसंल.

"मालक," ती म्हणली, "तो माणूस आता वखारीला मागं पत्रे जोडायला लागंल का?"

साहेबरावांचा चेहरा आधी पांढरा झाला, मग लाल.

"वखारीची गोष्ट वेगळी."

"माझ्या हातातली बांगडी वाढवली म्हणलं तर तुम्ही काय समजाल? ती लांब झाली?" काकूचा आवाज चढला नाय, पण चौकटीवरचा हात घट्ट झाला होता. "तुमच्या आईनं दिवा वाढव म्हणलं की तुम्ही त्याच्यात तेल घालायचे का?"

"भागू, तोंड सांभाळून. दवाखान्याचं कोणी बघितलं ते इसरू नको." साहेबराव उठले, धोतराचा सोगा झटकला. "धोंडिबा, विचार कर. एका हाताच्या माणसाला कोण ठेवतंय कामावर? मी ठेवणार होतो. ह्या लोकांचं ऐकायचं असंल तर पुढचं औषधबी ह्यांच्याकडूनच घे." आणि चपला घालून निघाले. जाताना मामांच्या अंगावरून गेले. मी दारात आडवी उभी राहिले होते. अंग चोरून जावं लागलं त्यांना.

मला वाटलं, झालं, जिंकलो. मी मामांकडं बघितलं. ते अजून तसेच बसलेले, नजर धोंडिबाकाकांच्या उशीवर. साहेबराव खोटे पडले तरी त्यांच्या डोक्यातून ते जात नव्हतं. शब्द तर त्यांचाच होता.

"धोंडिबा," ते म्हणले. "माझ्यानं मेला म्हणवलं नाय रे. म्हणलो असतो तर तुझा हात राहिला असता."

धोंडिबाकाका भिंतीकडंच बघत होते. तसेच म्हणले, "मला ठाव होतं, बिरूदा."

"काय?"

"पट्टा हातात आला तेव्हाच ठाव होतं. तुझा जोड मी डोळे झाकून ओळखतो. ह्या पट्ट्याला जोडच नव्हता. गाडीवाल्याला विचारलं, तर म्हणला, बिरूनं मालकाला फोनवर वाढवला म्हणून सांगितलंय. मी मालकाकडं गेलो. म्हणलो, मालक, वाढवलेला पट्टा हाय, चढवत नसतात. मालक म्हणले, मला कळतंय काय ते. नवा यायला वेळ हाय, एवढे ओंडके काढ, मग टाकून देऊ. मी नाय म्हणलो, तर म्हणले, मग दुसरा बघतो आरेवाला." त्यांनी पट्टीतल्या हाताकडं बघितलं. "मी चढवला. माझ्या हातानं."

म्हणजे इतके दिवस हा माणूस सगळं जाणून होता. वॉर्डात पडून होता, बाहेर पायऱ्यांवर माझा सासरा बसून होता, आणि ह्यानं दाराकडं बघितलं नाय. गावभर मामांचं नाव मातीत जात होतं आणि हा साहेबरावांची सफरचंदं खात होता. हात गेला म्हणून काय झालं, मी त्याला सोडणार नव्हते. मी एक पाऊल पुढं टाकलंसुद्धा.

पण मामा उठले होते. माझ्या आधी. मी त्यांना असं उठताना कधी बघितलं नव्हतं. एका दमात खाटेपाशी गेले.

"भाडखाऊ," मामा म्हणले.

माझ्या लग्नाला इतकी वर्षं झाली, ह्या माणसाच्या तोंडून मी कधी गधड्या ऐकलं नव्हतं.

"तुला ठाव होतं? ठाव असून चढवला? मी रातंदिवस स्वतःला खात बसलो की माझ्या शब्दानं धोंड्याचा हात खाल्ला. हातोडा उचलंना माझ्यानं. आणि तू, रेड्या, वाढवलेला पट्टा ओळखून चाकावर चढवला? उस्तादानं काय सांगितलं होतं आपल्याला, चिरांचा पट्टा चाकाला दाखवायचासुद्धा नाय म्हणून? तू होतास ना तिथं?"

"जबाबात तुझं नाव घे म्हणले होते," धोंडिबाकाका म्हणले. "मी घेणार होतो बिरूदा. खरं सांगतो. घेणार होतो."

"जबाबाला घाल चुलीत," मामा ओरडले, शेजारची माणसं दारात येतील एवढ्या मोठ्यानं. "जबाबाचं मी विचारतोय का? पट्टा का चढवलास ते सांग. नोकरी जात होती तर जाऊ द्यायची होती. माझ्या दारात यायचं होतं. एका ऐरणीवर दोघं बसलो असतो, अर्धी भाकरी खाल्ली असती. मी मेलो होतो का?"

धोंडिबाकाकांनी डाव्या हातानं तोंड झाकलं. मी मागंच थांबले. एवढा राग मलासुद्धा जमला नसता.

मामांची नजर ताटाकडं गेली. भाकरी वाळून कडा वर आल्या होत्या.

"हे कवाचं हाय?"

"दुपारचं," भागूकाकू म्हणली. "डाव्या हातानं खायची लाज वाटती त्यांना. मी भरवते म्हणलं, तर बायकोच्या हातानं पोरासारखं नाय खाणार म्हणतात. घरी आल्यापासून नुसत्या चहावर हायत."

"चहावर," मामा म्हणले. "हात घालवायला भीती वाटली नाय, आणि जेवायला लाज वाटती." ते खाटेवर धपकन बसले, ताट ओढलं आणि भाकरी कुस्करायला लागले, अशी की जणू तिच्यावरच राग होता. डाळ ओतली, काला केला, मोठा घास उचलला. सगळं करताना तोंडानं शिव्या चालूच होत्या, मी ऐकलेल्या आणि न ऐकलेल्या, मेंढरांमागच्या, पार पिशोरच्या. हात मात्र डाळ सांडू देत नव्हता.

"उघड तोंड."

धोंडिबाकाकांनी मान हलवली.

"उघड म्हणलं ना, भाडखाऊ."

त्यांनी तोंड उघडलं. डोळ्यांतून पाणी गालावर येत होतं आणि ते चावत होते. मला विचारायचं होतं, उद्या हवालदारापुढं काय सांगणार. माझ्या जिभेवर होतं. शेड त्याच्यावर होती, मामांचं नाव त्याच्यावर होतं. मामा ते विचारतच नव्हते, पुढचा घास मळत होते, आणि मला त्यांचासुद्धा राग यायला लागला.

"भागे," धोंडिबाकाका भरल्या तोंडानं म्हणले, "हवालदाराला फोन लाव. म्हणावं, आत्ताच ये. उद्यापर्यंत माझ्यात धीर राहील का, सांगता येत नाय."

भागूकाकूला नंबर लागंना. मी फोन तिच्याकडून घेतला.

मामांनी दुसरा घास पुढं केला. "आधी गिळ," ते म्हणले. "मग बोल."